मिसिसिपीतील स्वातंत्र्य-शाळा
१९६४ च्या जुलैत अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ४० स्वातंत्र्य-शाळा उघडल्या. कुठे चर्चच्या तळघरात, कुठे झाडाखाली. शिकविणारे बहुतेक उत्तरेकडील महाविद्यालयीन तरुण, बिनपगारी. राहत ते कृष्णवर्णीयांच्याच घरी.

गणित-वाचन होतेच, परंतु खरा अभ्यास प्रश्नांचा. बहुसंख्य समाजाजवळचे आपणांस काय हवे, काय नको, आणि आपले स्वतःचे काय राखावयाचे? हा तिसरा प्रश्न मला मोलाचा वाटतो. केवळ दयेपोटी शिकविणाऱ्यास तो सुचत नाही. सरकारी शाळेत तर प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा ठरे.

शाळा उघडण्यापूर्वीच, जूनमध्ये, चळवळीच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. अपेक्षा १,००० मुलांची होती. आली २,००० हून अधिक. काही ठिकाणी आजी-आजोबाही फळ्यापुढे येऊन बसले.