काळा चष्मा आणि ध्रुवक काच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उन्हाळा आला की काळ्या चष्म्यांची खरेदी निघते. दुकानदार ‘हा पोलराइज्ड आहे’ म्हणून जास्त पैसे मागतो. ते खरे की खोटे, हे दुकानातच कसे ओळखावे, एवढेच मी सांगणार आहे.

प्रकाश म्हणजे लहरी. उन्हात त्यांचे कंपन उभे, आडवे, तिरपे, सगळेच असते. माझ्या हातातली ही ध्रुवक काच एकाच दिशेचे कंपन पलीकडे जाऊ देते. म्हणून ती कशीही धरली तरी निम्मा प्रकाश अडतोच. तिच्यापुढे दुसरी धरली, की गंमत सुरू होते. दोघींची दिशा एक असेल, तर पहिलीतून आलेला प्रकाश जवळजवळ सगळा जातो. दुसरी 45 अंश फिरवली की त्यातला निम्मा उरतो, 60 अंशांना पाव, आणि 90 अंशांना काळोख!

हा नियम फ्रान्समधल्या मालुस यांचा, 1809 सालचा. आदल्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरचे मावळतीचे ऊन स्फटिकातून पाहताना त्यांना कळले होते, की परावर्तित प्रकाशही असा एका दिशेला बांधला जातो.

आपल्या कामाचे तेच आहे. पाणी, ओला डांबरी रस्ता, घरातली फरशी यांवरून डोळ्यांत येणारी तिरीप बहुतेक आडव्या कंपनाची असते. चांगल्या चष्म्याची काच उभे कंपन तेवढे सोडते. तिरीप मरते आणि स्कूटर चालवणारीला खड्डा दिसतो. साधी काळी काच खड्डा आणि तिरीप दोन्ही सारखीच अंधारी करते. त्यासाठी जादा पैसे का द्यावेत? (स्टीलच्या ताटाची झळाळी मात्र खऱ्या चष्म्यानेही फारशी जात नाही. धातूचे वागणे निराळे.)

आता परीक्षा. दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर चष्मा धरून सावकाश फिरवा. काच खरी असेल, तर एका ठिकाणी पडदा काळा होईल. खोटी असेल, तर काहीच बदलणार नाही. अतिनील किरण अडवणे हा काचेचा वेगळा गुण आहे, तो स्वतंत्र विचारून घ्यावा.

जाता जाता एक नवल. काळोख करणाऱ्या या दोन काचांच्या मध्ये तिसरी तिरपी, 45 अंशांत सरकवली, की प्रकाश परत येतो, मूळच्या आठव्या हिश्शाइतका. तिन्ही तुकडे इथे टेबलावर ठेवते आहे. चहाच्या वेळी ज्यांना हवे त्यांनी फिरवून पाहावेत.