उघड्या चेहऱ्याची सक्ती

जुलै २०१० मध्ये फ्रान्सच्या संसदेत एका विधेयकावर मतदान झालं. बाजूने मतं पडली ३३५, विरोधात फक्त १. समाजवादी पक्षाचे बहुतेक सदस्य मतदानाकडे फिरकलेच नाहीत, हे खरं. पण हात वर करून ‘नाही’ म्हणायला दुसरा कोणी धजावला नाही.

सार्वजनिक जागी कोणीही चेहरा झाकणारा पोशाख घालू नये, असं त्या कायद्याचं पहिलंच कलम सांगतं. बुरखा, नकाब, इस्लाम यांतला एकही शब्द त्यात नाही. तरी कायदा कोणासाठी, हे शेंबडं पोरही सांगेल. साडेसहा कोटींच्या देशात पूर्ण चेहरा झाकणाऱ्या बायका गृहखात्याच्याच अंदाजाने जेमतेम १,९०० होत्या.

११ एप्रिल २०११ला कायदा लागू झाला. चेहरा झाकणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाचे धडे. तिला बळजबरीने झाकायला लावणाऱ्याला वर्षभर कैद आणि ३०,००० युरो. कागदावर पाहिलं तर मोठा गुन्हेगार जबरदस्ती करणारा. पण तो घरात बसलेला असतो, रस्त्यावर पोलिसाला सापडते ती बाई. जुलै २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या त्राप गावात पोलिसांनी अशाच एका बाईला हटकलं, तिच्या नवऱ्याशी झटापट झाली आणि पुढच्या रात्री पोलीस ठाण्याबाहेर दंगल उसळली. दुसरीकडे रशीद नेक्काझ नावाचा अल्जेरियन वंशाचा उद्योजक बायकांचे दंड आपल्या खिशातून भरत सुटला. दंडाचा धाक तिथेच अर्धा संपला.

कायद्याच्या समर्थकांना निव्वळ मुस्लिमद्वेष्टे म्हणून मोडीत काढता येणार नाही. अल्जेरियन स्थलांतरितांची मुलगी असलेल्या फादेला अमारा तेव्हा मंत्रिमंडळात होत्या. गरीब वस्त्यांमधल्या मुलींवर घरचे आणि शेजारचे पुरुष कशी हुकमत गाजवतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. बुरखा हा तुरुंगच आहे, असं त्या उघडपणे म्हणत.

पण कायदा लागू झाला त्याच दिवशी पाकिस्तानी वंशाच्या एका तरुण फ्रेंच बाईने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अर्ज केला. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्यावर घरच्यांची जबरदस्ती नाही, मी रोज नकाब घालत नाही, बँकेत, विमानतळावर तपासणीसाठी चेहरा दाखवायला मी तयार आहे. २०१४ मध्ये न्यायालयाने १५ विरुद्ध २ अशा मतांनी फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला. गंमत त्या निकालाच्या कारणांत आहे. सुरक्षेसाठी एवढी सरसकट बंदी लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. स्त्री-पुरुष समानतेचा मुद्दाही फेटाळला, कारण ज्या प्रथेची बाजू बाईच घेते तिच्यावर त्या नावाखाली बंदी घालता येत नाही. मग उरलं काय? समाजात एकत्र राहायचं तर चेहरा दिसला पाहिजे, एवढंच. दोन न्यायाधीशांना हे पटलं नाही. एखाद्याला इतरांशी संबंधच ठेवायचा नसेल, तर तोही त्याचा हक्क नाही का, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने तर फ्रान्सने दोन बायकांच्या हक्कांचा भंग केल्याचं मत दिलं. अशा बंदीने बायका घरातच कोंडल्या जातील, हेही तिने बजावलं.

कायदा सर्वांसाठी असल्याचा आव आणला की फजिती ठरलेली. ऑस्ट्रियात ऑक्टोबर २०१७ मध्ये बंदी आली आणि व्हिएन्नात पोलिसांनी पकडला कोण? दुकानाच्या जाहिरातीसाठी शार्क माशाचं सोंग घेतलेला एक माणूस. त्यालाही १५० युरो दंड. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२१च्या सार्वमतात ५१.२ टक्के लोकांनी बंदीला कौल दिला, तेव्हा तिथल्या रेल्वेत करोनामुळे मास्क सक्तीचा होता! लुसर्न विद्यापीठाच्या अंदाजाने त्या देशात नकाब घालणाऱ्या बायका चाळीसही नव्हत्या. थंडी, आजार आणि कार्निव्हलची सोंगं यांना मात्र सूट मिळाली.

ही मागणी आपल्याकडेही पोचली आहे. एप्रिल २०१९ मध्ये श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले, तिथल्या सरकारने चेहरा झाकण्यावर बंदी घातली आणि लगोलग शिवसेनेचं मुखपत्र असलेल्या ‘सामना’च्या अग्रलेखाने भारतातही बुरखाबंदी मागितली. ही पक्षाची अधिकृत भूमिका नाही, असा खुलासा मग शिवसेनेच्या नेत्यांना करावा लागला. पुण्यात स्कूटरवरच्या मुली उन्हाधुळीपायी डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळतात. त्याने कोणाच्या एकत्र राहण्यात बाधा येते, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

बँक, विमानतळ, न्यायालय, मतदान केंद्र इथे ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवलाच पाहिजे. त्यात धर्माची सबब चालू नये. घरात जबरदस्ती होत असेल, तर त्या बाईला आसरा, वकील आणि पोटापाण्याची सोय हवी. या दोन्ही गोष्टी सरसकट बंदीशिवाय करता येतात, आणि दंडाच्या पावतीने त्यांतली दुसरी तर मुळीच साधत नाही.