शकुंतलेनं नाकारलेली अंगठी

‘शाकुंतल’ म्हटलं की आपल्याला आठवतो चौथा अंक, सासरी निघालेली शकुंतला आणि गहिवरलेले तिचे पालक पिता कण्व. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा पहिला प्रयोगही चारच अंकांचा झाला. माझ्या मते मात्र कालिदासाची खरी करामत सातव्या अंकात आहे.

भरदरबारात दुष्यंतानं गरोदर बायकोला ओळखच दिली नव्हती. आता मारीच ऋषींच्या आश्रमात ती समोर येते. अंगावर मळकी वस्त्रं, केसांची एकच वेणी. हा कोण, असं तिचा मुलगा विचारतो. हे तुझे वडील, असं ती म्हणत नाही. आपल्या नशिबालाच विचार, म्हणते. राजा तिच्या पाया पडतो. ती त्याला उठवते आणि दोष स्वतःच्या पूर्वकर्माला देते. हे आज आपल्याला खटकतं, आणि खटकावंच.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवून हा प्रवेश ऐका. दुर्वास ऋषींच्या शापामुळे राजा तिला विसरला होता आणि त्यानंच दिलेली अंगठी पाहिल्यावर त्याला ती आठवली. शापाची ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. मारीच ती नंतर सांगतात. म्हणजे ती क्षमा करते, तेव्हा नवऱ्याच्या वागण्यामागचं खरं कारण तिला ठाऊक नसतं. महाभारतात तर शापही नाही, अंगठीही नाही. तिथं राजाला सगळं आठवत असतं, लोक काय म्हणतील म्हणून तो नाकारतो आणि शेवटी, तू रागात बोललीस ते मी माफ केलं, असं वर तिलाच सांगतो! कालिदासानं त्याच राजाला तिच्या पायाशी आणलं.

मग राजा तिचे डोळे पुसतो. पूर्वी दरबारात ज्या आसवांकडे त्यानं पाहिलंही नव्हतं, तीच ही आसवं. तिचं लक्ष त्याच्या बोटातल्या अंगठीकडे जातं. तो ती तिला द्यायला निघतो, तर ती घेत नाही. अंगठीचा आपल्याला भरवसा वाटत नाही, ती त्यानंच घालावी, असं सांगते. भरवसा नक्की कुणाचा वाटत नाही? नटीनं हे वाक्य लाडात म्हटलं तर एक अर्थ, सपाट म्हटलं तर दुसरा. कालिदास लगेच इंद्राचा सारथी मातली याला रंगमंचावर आणतो. राजाला उत्तर द्यायला सवडच मिळत नाही.

ग्रंथालयातून ‘शाकुंतला’चा एखादा मराठी अनुवाद आणा आणि हा प्रवेश घरात दोघांनी मोठ्यानं वाचून पाहा. राजाचं काम कुणी करायचं, ते आधी ठरवून घ्या.