अखेरची पाठवणी : कोणाचे काम?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वाढदिवसाच्या दिवशी मरणाचा विषय काढते म्हणून काहीजणींच्या कपाळाला आठी पडेल. आपल्यात मंगल प्रसंगी अमंगल बोलू नये असा शिष्टाचार आहे, आणि तो वाईट नाही. पण आपण हळदीकुंकवाला जमतो, बारशाला जमतो, लग्नात पोळ्या लाटायला जमतो, आणि ज्या दिवशी शेजारणीला आपली सर्वांत जास्त गरज असते, त्या दिवशी मात्र कोणी काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून हा विषय आजच बोललेला बरा. मरणाच्या दारात उभे राहून त्याचा विचार होत नाही.

विलायतेत आणि अमेरिकेत या कामाचा घरंदाज धंदा असतो. पूर्वी तिकडे गावचा सुतार शवपेटी करून देई. तोच पुढे गाडी-घोड्याची सोय पाहू लागला आणि बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशी दुकाने उभी राहिली. गावातल्या तीन पिढ्यांना त्याच कुटुंबाने पोचवलेले असते. आपल्याकडे असे ‘अंत्यसंस्कार-गृह’ नाही. पण तालुक्याच्या गावी बाजाराच्या कडेला, नाहीतर स्मशानाच्या वाटेवर, अंत्यविधीच्या साहित्याचे एखादे तरी घरगुती दुकान बहुधा सापडते. बांबू, सुतळी, मडके, पांढरे कापड, गुलाल, बुक्का, कापूर, राळ, चंदनाची चिपे, गोवऱ्या एवढेच त्याचे भांडवल. पुष्कळदा दुकान आणि घर एकच असते. रात्री दोन वाजता कडी वाजली तरी दार उघडावे लागते, आणि सामान बांधून देणारी त्या घरची बाईच असते.

या दुकानदाराला काय काय ठाऊक असते ते पाहा. ताटी किती लांबीची बांधावी, आडव्या काठ्या किती अंतरावर घालाव्या, गाठ कोठे मारावी म्हणजे वाटेत सैल होणार नाही. एका देहाला तीन-चार क्विंटल वाळलेले लाकूड लागते. जाड ओंडके खाली घालायचे आणि मधून वारा खेळेल अशी फट ठेवायची. पावसाळ्यात लाकूड ओले आणि वर शेड नाही अशी वेळ आली, तर लोक घाईने रॉकेल ओततात, जुने टायर टाकतात. ते दृश्य घरच्यांच्या डोळ्यांपुढून जन्मभर हलत नाही. चार कोरडी लाकडे राखून ठेवणारा माणूस म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

पण या उपयोगी माणसाला आपण वागवतो कसे? त्याच्या दुकानापुढून जाताना मान वळवतो. त्याच्या घरी चहा घ्यायला कचरतो. त्याच्या मुलीला स्थळ सांगून येताना हा धंदा आड येतो. पैसे घेतले तर म्हणतो, ‘मेल्याच्या टाळूवरचे लोणी खातो.’ अहो, बांबू काय त्याच्या अंगणात फुकट उगवतो?

हे आजचे नाही. बलुत्याच्या काळी मौतीची खबर घेऊन परगावी पायपीट करायची, सरणाची लाकडे वाहायची, ही कामे महार समाजावर वतनाच्या नावाखाली लादलेली होती. मोबदला म्हणून कधी प्रेतावरचे कापड पदरात पडे. ज्यांनी सगळ्या गावाला शेवटचा आधार दिला, त्यांनाच गावाने शिवाशिवीत ठेवले. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ती कामे सोडण्यात त्या समाजाने स्वाभिमान दाखवला, आणि योग्यच केले. प्रश्न उरला तो बाकीच्या गावापुढे. आता हे काम कोणाचे? त्याचे सरळ उत्तर ‘सगळ्यांचे’ असे आहे. पण जे सगळ्यांचे, ते पुष्कळदा कोणाचेच नसते.

आजवर भाऊबंद आणि शेजारी हे काम निभावत आले. पण घरातली तरणी मुले पुण्या-मुंबईला, नाहीतर त्याहून दूर गेली. घरी म्हातारा-म्हातारी दोघेच. खांदा द्यायला चार माणसे मिळवताना धावपळ होते. मोठ्या शहरांत आता पैसे घेऊन गाडी, भटजी, फुले, खांदेकरी, सर्व व्यवस्था करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. गरज आहे म्हणून त्या आल्या. मात्र दुःखातले माणूस घासाघीस करीत नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळते. अमेरिकेत जेसिका मिटफर्ड नावाच्या बाईने १९६३ साली या धंद्यातल्या लुबाडणुकीवर पुस्तक लिहून मोठी खळबळ उडवली. पुढे १९८४ पासून तिकडे नियमच आला, की प्रत्येक वस्तूचा वेगळा दर गिऱ्हाइकाच्या हाती लेखी द्यायचा. एका बाईची लेखणी तिथवर पोचली हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘बायकांचे काय काम स्मशानात?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर १८९० सालीच मिळाले आहे. २८ नोव्हेंबरला जोतीराव फुले वारले. दत्तक मुलगा यशवंत याने टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. आजच्या काळातले नाव हवे असेल, तर नाशिकच्या पंचवटी अमरधामातल्या सुनीता पाटील यांचे घ्या. अंत्यविधीचे साहित्य विकता विकता त्या प्रत्यक्ष अंत्यसंस्काराचे काम करू लागल्या. आणि खरे पाहता बाईमाणसाच्या देहाला अखेरची आंघोळ आपणच घालतो, मुसलमान भगिनींतही घुसल बायकाच देतात. म्हणजे अर्धे काम पूर्वीपासून आपल्याच हाती आहे.

आपल्या भागाने दोन मोठ्या परीक्षा पाहिल्या. करोनाच्या साथीत रक्ताचे नातलगही पुढे येईनात, तेव्हा शेजारच्या अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या माणसांनी जातधर्म न पाहता, हिंदूंचे हिंदू रीतीने आणि मुसलमानांचे त्यांच्या रीतीने, अंत्यविधी पार पाडले. आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे, आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गावर पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस पेटून पंचवीस माणसे गेली. देह ओळखू येईनात. दुसऱ्या दिवशी बुलढाणा शहरात चोवीस जणांना एकाच वेळी अग्नी देण्यात आला. कोणाची चिता कोणती हे घरच्यांनाही सांगता येत नव्हते. ती माणसे आपल्या गावची नव्हती, पण त्यांना शेवटची माती आपल्या जिल्ह्याची मिळाली. परक्याची पाठवणी नीट करणे हाही शेजारधर्मच आहे.

आता पाठवणीनंतरचे बोलते, कारण बायकांचे खरे हाल तेथून सुरू होतात. धनी गेला की तिची बांगडी फोडायची, कुंकू पुसायचे, जोडवी काढायची, आणि हे करणाऱ्या आपणच! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही रीत बंद केली, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव कागदावर राहतो. बांगडीवर दगड उचलणारा हात मात्र घरातल्या बाईचा असतो. तो हात आपण आवरला, तर कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे तेरवीचे. दवाखान्याने आधीच घर धुऊन नेलेले असते, त्यावर तेरवीच्या पंगती. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांसाठी पेरणीचे पैसे जातात. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे गाडगेबाबांनी आपल्या वऱ्हाडात गावोगाव हातात झाडू घेऊन सांगितले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या तसबिरीला हार घालायचा आणि तेरवीला सावकाराकडे जायचे, हे जुळत नाही.

तर मी मंडळापुढे चार साध्या गोष्टी ठेवते. पहिली : मंडळाच्या कपाटात एक पेटी असावी. तीत कापड, सुतळी, कापूर, बुक्का, आंघोळीचे सामान, आणि बाईच्या अंगावर घालायला एक धड लुगडे. गरीब घरी ती न मागता जावी. दुसरी : साहित्य विकणाऱ्या कुटुंबाला भेटून दराची पाटी लावायची विनंती करावी, आणि त्या घरच्या बाईला मंडळाची सभासद करून घ्यावे, मानाने, उपकार म्हणून नव्हे. तिसरी : मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करावी लागते. दाखल्यावाचून पेन्शन, विमा, सातबारा काहीच हलत नाही, आणि शोकात ती तारीख निघून जाते. दोघी शिकलेल्या बहिणींनी हे काम अंगावर घ्यावे. चौथी : ज्या घरी धनी जाईल, तेथे आपल्यापैकी दोघीतिघी तिच्या अंगाशी बसून राहतील, आणि तिच्या बांगडीला कोणी हात लावणार नाही.

यांतल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागतो तो थोडा धीर. पहिली तीन कामे वर्षभरात होतील. चौथे अवघड आहे, कारण तेथे सासूबाई, आत्याबाई, भाऊबंद सारे समोर असतील. म्हणून ते आधी आपल्या घरी सांगून ठेवा. नवऱ्याला सांगा, मुलाला सांगा, सुनेला तर अवश्य सांगा. माझ्या मागे काय करायचे, तेरवीला किती खर्चायचे, हे जिवंतपणी बोलून ठेवणारी बाई घरादारावर उपकार करून जाते.

चहा घेताना चौघींनी जरी पेटीसाठी नाव दिले, तरी आजचा वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी समजेन.