नव्या डायलिसिस-यंत्राची पारख
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या आरोग्य निधीतून एका धर्मादाय रुग्णालयास डायलिसिसचे नवे यंत्र द्यावे, अशी सूचना सातारा व सांगली या दोन्ही शाखांकडून आली आहे. सूचना स्तुत्य आहे. तथापि यंत्रावर देणगीदारांची नावे कोरण्यापूर्वी ते रुग्णाच्या कितपत उपयोगी पडते हे कसे ओळखावे, याविषयी मी वैद्य या नात्याने बोलावे अशी आज्ञा झाली आहे.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे युरियासारखी त्याज्य द्रव्ये आणि जादा पाणी शरीरातच साठून राहते. हे काम यंत्राकडून करवून घेण्याचा उद्योग हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, ऐन युद्धात आरंभिला. सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन हीच त्यांची गाळणी! आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली बेशुद्ध पडलेली ६७ वर्षांची एक वृद्धा शुद्धीवर आली, तेव्हा कोठे यंत्राचे सार्थक झाले.

आज कसोटी अधिक सूक्ष्म आहे. बैठकीपूर्वी व बैठकीनंतर रुग्णाच्या रक्तातील युरिया मोजावा. तो निदान ६५ टक्क्यांनी उतरला पाहिजे. म्हणजे १४० असेल तर ४९ पर्यंत. नंतरचे रक्त मात्र पंपाची गती क्षणभर मंद करून घ्यावे लागते, नाहीतर नुकतेच शुद्ध झालेले रक्त त्यात मिसळून आकडा फसवा येतो. दुसरी परीक्षा वजनकाट्याची. यंत्र म्हणते दोन लिटर पाणी काढले. काटा काय म्हणतो? अंदाजाहून अधिक पाणी निघाले, तर रुग्णाचा रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, आणि घरी गेल्यावर तो दिवसभर उठत नाही. तिसरी परीक्षा, वीज गेल्यावर यंत्र किती वेळ रक्त फिरते ठेवते. याचे महत्त्व आपल्या खेडोपाडीच्या सभासदांस सांगावयास नको.

परंतु येथे एक गोम आहे. ६५ टक्क्यांचे हे माप आठवड्यातून तीन बैठका होणाऱ्या रुग्णासाठी आहे. जत, आटपाडी, माण, पाटण येथून मिरज-सांगलीस किंवा कऱ्हाड-साताऱ्यास एस.टी.ने येणारा रुग्ण पुष्कळदा दोनच बैठका घेतो. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागला, तरी सोबत्याची बुडालेली मजुरी कोण देणार? अशा रुग्णाचा प्रत्येक आकडा उत्तम आला, तरी त्यास उपचार अपुराच मिळत असतो. तिसरी बैठक मिळवून देणारे साधे यंत्र हे दोन बैठकांच्या भारी यंत्राहून सरस, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे ते चांगलेच, असे शास्त्रही म्हणत नाही. २००२ साली अमेरिकेतील १,८४६ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीहून अधिक शुद्धीकरण करूनही मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. उलट २०२३ साली युरोपातील १,३६० रुग्णांच्या अभ्यासात हिमोडायाफिल्ट्रेशन या नव्या पद्धतीने उपचार झालेल्यांत १७.३ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत २१.९ टक्के मृत्यू झाले. हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्या पद्धतीस अत्यंत शुद्ध पाणी लागते.

आणि पाणी हीच आपली खरी अडचण. चार तासांच्या एका बैठकीत रक्ताच्या शेजारून सुमारे १२० लिटर पाणी वाहते. मध्ये केवळ एक पातळ पडदा. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली जलाशयातील शेवाळाचे विष या मार्गाने रक्तात गेले व पन्नासहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. कृष्णामाईवर आपली कितीही भक्ती असो, तिचे पाणी किंवा माणदेशातील विहिरीचे पाणी आरओ संयंत्रातून नीट शुद्ध झाल्याखेरीज यंत्रास जोडता येणार नाही. खोलीही पूररेषेच्या वर हवी. ऑगस्ट २०१९ सांगलीकर विसरलेले नाहीत.

यास्तव माझी विनंती अशी की, निधीचा एक भाग आरओच्या पडद्यांसाठी व पाण्याच्या नियमित तपासणीसाठी राखून ठेवावा, आणि एक भाग रुग्णांच्या एस.टी. भाड्यासाठी. रुग्णालयाने दरमहा युरियाचे आकडे, वजने व चुकलेल्या बैठका यांची नोंद, रुग्णांची नावे वगळून, मंडळास दाखवावी, अशी अट देणगीपत्रात घालावी. सहा महिन्यांच्या नोंदी पाहूनच दुसऱ्या यंत्राचा विचार व्हावा.