प्राध्यापक-संपादक आगरकर



गोपाळ गणेश आगरकर टेंभूच्या गरीब घरचे. एम. ए. होऊन त्यांनी शिकविण्याचे काम पत्करले आणि १८८१ पासून ‘केसरी’चे संपादनही केले. सामाजिक सुधारणेवरून मतभेद होताच ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. मुलींना मुलांबरोबरीने शिकवा, असे त्यात रोखठोक लिहिले. चिडलेल्या लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली! यशोदाबाईंना ती पाहून काय वाटले असेल हो? तरी त्यांची लेखणी थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, १८९५ मध्ये दम्याने गेले.

माझी शाळा सातवीला सुटली. वेल्ह्याकडून मुलीला भोरच्या कॉलेजात घातली, तेव्हा नातलगांनी नावे ठेवली. मला ती प्रेतयात्रा आठवली. मुलगी यंदा बी. ए.ला बसते आहे.