बरे दिसणारे मूल

दिल्लीच्या अन्सारी नगरात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या फाटकापाशी, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया भल्या सकाळी उभ्या असतात. मुलाच्या डोक्यावरचे केस गेलेले असतात आणि नाकातोंडावर पट्टी असते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या दाराशी जे दृश्य मराठी माणसाने पाहिलेले असते, तेच हे. येथे मंडळी येतात ती बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणा येथून, एवढाच फरक.

लहान मुलांत रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो. 1948 साली बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी औषधाने हा रोग काही काळ मागे हटवून दाखविला, तोवर त्यावर उपाय असा नव्हताच. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे सूत्रधार आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पुढे व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळाले. कुंपणाशी न मागता फुलणारी, देवपूजेपलीकडे जिला कोणी विचारीत नाही, तीच ही सदाफुली! अशी अनेक औषधे एकत्र देण्याचे शास्त्र वाढत गेले आणि आज प्रगत देशांत या रोगाच्या प्रमुख प्रकारातील दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

परंतु हा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो, आणि खरी मेख येथेच आहे. पहिल्या महिन्याभरात बहुतेक मुलांच्या रक्तातील रोगपेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. मूल खेळू लागते. गावी शेत पडलेले असते, धाकटे भावंड आजीपाशी असते, हातचा पैसा सरलेला असतो. मग कोणी तरी म्हणते, पोर तर बरे झाले! वस्तुतः बरे दिसणारे ते मूल अजून बरे झालेले नसते. गाडी येथून परतली, तर रोगही बहुधा परततो.

पुढच्या काळात रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी घरीच द्यावयाची असते. परिचारिकेचे काम आईच्या अंगावर येते. औषध रोगपेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही मारते; म्हणून ताप 100.4 अंशांवर गेला की घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहावयाची नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठावयाचे. पाणी उकळलेले, अन्न ताजे शिजविलेले, आणि भेटीला येणाऱ्याने आधी हात धुवावयाचे. खोकणाऱ्या मामाला दारातून परत पाठविणे हे आपल्याकडे औषध पाजण्याहून अवघड! त्यातून काही औषधांनी मूल सारखे खाण्यास मागते, चिडते, रडते. तो हट्ट नव्हे, औषधाचा परिणाम असतो, हे सांगणारा कोणी भेटला तर आईचा जीव थोडा हलका होतो.

ताप आल्यावर ताबडतोब पोहोचावयाचे, तर बिऱ्हाड जवळ हवे. दिल्लीत कॅनकिड्ससारखी संस्था अशा कुटुंबांसाठी निवासाची सोय करते. हरियाणात झज्जर येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आवारात 2021 साली 806 खाटांचे विश्राम सदन उघडले. अशा ठिकाणी खाटेच्या उशाशी तापमापक असतो, भिंतीवर दिनदर्शिका असते. गोळी दिली की आई त्या तारखेवर पेन्सिलीने रेघ ओढते.